मुसोलिनीला हेच मिळायला हवं होतं का?

इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याचं प्रेत मिलानच्या लोरेतो चौकात पेट्रोल पंपावर उलटं टांगलंय, हा फोटो दाखवला की विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, त्याला हेच मिळायला हवं होतं ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मला तसं वाटत नाही, आणि त्यामागे त्याची कणव नाही.

२५ एप्रिल १९४५ ला मिलानचे आर्चबिशप कार्डिनल शुस्टर यांच्या वाड्यावर त्याला कळलं की जर्मनांनी त्याला अंधारात ठेवून शरणागतीची बोलणी चालवली आहेत. संध्याकाळीच तो मिलान सोडून कोमोकडे निघाला. दोन दिवसांनी फॅसिस्टविरोधी बंडखोरांनी सरोवराकाठी एक जर्मन ताफा अडवला. जर्मनांना वाट मिळेल, पण गाड्यांची झडती होईल, ही अट. दोंगो गावात एका ट्रकमध्ये जर्मन ओव्हरकोट घालून बसलेला मुसोलिनी सापडला. ज्याने वीस वर्षं इटलीच्या पोरांना मरायला शिकवलं, तो असा! दुसऱ्या दिवशी जुलिनो दि मेझेग्रा इथे त्याला गोळ्या घातल्या, सोबत त्याची प्रेयसी क्लारा पेताची हिलाही. तिला मारायचं मला काहीच कारण दिसत नाही.

गर्दीला मी दोष देत नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याच चौकात फॅसिस्टांनी १५ कैद्यांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं दिवसभर उन्हात टाकली होती. ते मिलान विसरलं नव्हतं.

पण त्याला कोर्टात उभं करायला हवं होतं. विरोधी समाजवादी खासदार मातेओत्तींचा खून, १९३८ चे ज्यूविरोधी कायदे, इथिओपियात विमानांतून टाकलेला विषारी वायू, या सगळ्याचा जाब त्याच्या तोंडून यायला हवा होता. १९४० मध्ये इटलीला त्यानेच युद्धात ओढलं. त्याच इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, ब्रिटिश भारतीय सैन्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांच्या घरच्यांचाही त्या जबाबावर हक्क होता.

मुसोलिनी गेला आणि बाकीचे सुटले. इथिओपियात वायू वापरणारा सेनापती ग्राझियानी याला १९५० मध्ये १९ वर्षांची शिक्षा झाली, पण ती जर्मनांना साथ दिल्याबद्दल. काही महिन्यांत तो बाहेर आला. इथिओपियाबद्दल त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.