केबिन कारखान्यात, हौदा कारागिराकडे

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकजवळ आडगावच्या बाजूला थोडा वेळ थांबले, की एखादी नुसती चासी जाताना दिसते: इंजिन, चाके, पुढचा काउल (इंजिनाचा दर्शनी पत्रा) आणि त्यामागे तात्पुरत्या बाकावर तोंडाला फडके गुंडाळून बसलेला चालक. कंपनीचे काम तिथवरच असते. केबिन आणि हौदा बांधायचा तो बॉडीवाल्याने. ही आपल्याकडची गरिबीतून आलेली सोय आहे, असे पुष्कळांना वाटते. मोटार उद्योगाची सुरुवात मात्र युरोपातही याच विभागणीतून झाली आणि तिचा पुढचा प्रवास पाहण्यासाठी मला बेल्जियमसारखा दुसरा सोयीचा देश दिसत नाही, कारण त्या छोट्या देशात चासी बनवणारी मोठमोठी नावे बुडाली आणि बॉडी बांधणारी घराणी त्यांच्यानंतरही अनेक दशके टिकली.

या घराण्यांची मुळे घोडागाडीच्या काळातली आहेत. ब्रुसेल्सचे दीतेरेन कुटुंब १८०५ पासून चाके आणि बग्ग्या बनवत होते, तर रूसेलारेजवळच्या बेव्हेरन येथे हेन्री योंकहेरे यांनी १८८१ मध्ये बग्ग्यांचा कारखाना काढला. लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर पत्रा चढवणे ही या मंडळींची मूळ विद्या होती आणि मोटार आली तेव्हा त्यांना फक्त घोडा काढून त्या जागी इंजिन गृहीत धरायचे होते. सुरुवातीच्या ट्रकला केबिन अशी फारशी नसेच. एक बाक, वर छप्पर आणि बाजूला कापडी पडदा एवढ्यावर चालकाची बोळवण होत असे. चालकाच्या सुखाचा विचार मालाच्या सुखानंतर करायचा, ही रीत दोन्ही देशांत सारखीच जुनी आहे.

चासीवाल्यांची यादी मात्र भारदस्त होती. अँटवर्पची मिनर्व्हा सायकलींपासून सुरू होऊन आलिशान मोटारींपर्यंत पोहोचली आणि तिने ट्रकही काढले. ब्रुसेल्समध्ये जूल मिएस यांनी वाफेच्या गाड्यांपासून आरंभ केला आणि पुढे त्यांची कंपनी ट्रक व बसच्या चासींसाठी ओळखली जाऊ लागली. ब्रोसेल हे त्याच शहरातले दुसरे नाव. हेर्स्टालची एफएन ही तर १८८९ मध्ये बंदुकांसाठी स्थापन झालेली कंपनी. पण देश लहान, आणि अँटवर्पच्या बंदरावर १९२२ मध्ये फोर्ड व १९२५ मध्ये जनरल मोटर्स यांनी गाड्यांची जुळणी सुरू केल्यावर देशी चासीला मोठ्या संख्येचा आधार मिळणे कठीण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर एफएन, मिएस आणि ब्रोसेल यांनी एकत्र येऊन बेल्जियन लष्करासाठी ट्रक बांधले खरे, परंतु केवळ सरकारी मागणीवर असा उद्योग किती वर्षे तगणार? ब्रोसेल अखेर ब्रिटिश लेलँडच्या हाती गेली आणि मिएसचे नावही मागे पडले.

बॉडीवाले टिकले याचे साधे कारण माझ्या मते असे, की चासी कोणाची आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. योंकहेरे यांनी १९२२ पासून बसबॉडी बांधल्या. बर्नार्ड वान होल यांनी १९४७ मध्ये लियरजवळच्या कोनिंग्सहोइक्त या गावात कारखाना काढला आणि फियाटची इंजिने घेऊन बसगाड्यांचा मोठा पसारा उभा केला. जोडीला मालवाहू ट्रेलर आणि टाक्याही होत्या. वेस्ट फ्लँडर्समधल्या स्टाडेनच्या मोल कंपनीने अवजड कामाच्या खास गाड्या आणि कचरा उचलणाऱ्या ट्रकच्या बॉड्या यांत स्वतःचे स्थान निर्माण केले. अर्थात टिकणे म्हणजे अमर होणे नव्हे. वान होल एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि तिच्या बस विभागासाठी पुढे आलेला नेदरलँड्सचा व्हीडीएल समूह योंकहेरेचाही मालक आहे.

केबिनची गोष्ट याहून वेगळी आहे. १९६६ मध्ये डच कंपनी डाफने बेल्जियममधील वेस्टरलो येथे कारखाना उघडला. तिथे केबिन आणि ॲक्सल तयार होतात आणि सीमेपलीकडे आइंडहोवनला जाऊन ट्रकवर बसतात. गेंटमध्ये व्होल्वोचे ट्रक जुळतात, पण त्यांच्या केबिनचा सांगाडा थेट उत्तर स्वीडनमधल्या उमेओहून येतो. म्हणजे केबिन आता दुसऱ्या देशातून येऊ शकते, मात्र शेजारच्या गल्लीतल्या सुताराकडून येऊ शकत नाही. पत्र्याचे भाग ठोकून काढणारे अजस्र साचे परवडायला हजारोंच्या संख्येने उत्पादन लागते, हे एक कारण. दुसरे कारण सुरक्षेचे आहे. युरोपातील आर-२९ या नियमानुसार केबिनच्या दर्शनी भागावर सुमारे १,५०० किलोचा लोलक आदळवला जातो आणि त्यानंतरही आत माणूस वाचेल एवढी जागा उरावी लागते. लाकडी सांगाड्याची केबिन, कारागीर कितीही वाकबगार असला तरी, या कसोटीला उतरणे अवघड. आपल्याकडे याच स्वरूपाचे एआयएस-०२९ हे मानक आहे; शिवाय २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. नाशिकच्या बॉडीवाल्यांकडून केबिनचे काम हळूहळू निसटणार, याची खंत वाटते; चालकाच्या जिवाचा विचार केला, की ते योग्यही वाटते.

हौद्याचे काम मात्र असे कारागिराच्या हातून निसटत नाही, कारण माल स्थानिक असतो. वारेगेमची स्टास कंपनी ॲल्युमिनियमच्या हलक्या टिपर ट्रेलरसाठी प्रसिद्ध आहे, आणि आसपासचा मुलूख बटाटा, बीट व भाजीपाल्याचा आहे हे लक्षात घेतले, की त्यामागचे व्यावहारिक शहाणपण कळते: ट्रेलर जितका हलका, तितका कायदेशीर वजनात माल जास्त. ब्रे गावची लाग कंपनी, जी आता चिनी सीआयएमसी समूहाकडे आहे, ती टाक्यांच्या कामात मुरलेली आहे. आपल्या जिल्ह्यातही लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याला वारा खेळता ठेवणारा हौदा आणि वर ताडपत्री हवी, निर्यातीच्या द्राक्षांना बंद शीतपेटी हवी, आणि सातपूर-अंबडच्या लोखंडी मालाला तळ भक्कम व फाळका मजबूत हवा. त्यामुळे बॉडी बांधायला गाडी आली, की लांबी-रुंदीच्या आधी विचारावे लागते ते हेच, की गाडीत माल कोणता भरणार.