ठाण्यात नेलंय म्हणजे नेमकं कुठं?

"मामा, त्याला ठाण्यात नेलंय." भाच्याच्या खोलीतल्या पोराचा एवढाच फोन आला. परत लावला तर बंद. संध्याकाळचे सहा वाजले होते. अक्कानं चुलीवरचं तसंच झाकून ठेवलं आणि आम्ही दोघं बहीणभाऊ सांगली स्टेशनला जाऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसलो.

माझा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. ठाण्याची तिकिटं किती फाडली असतील त्याचा हिशोब नाही. म्हणूनच की काय, 'ठाण्यात' म्हणजे ठाणे शहरात असंच डोक्यात बसलं. पोरगं पोलीस ठाण्याबद्दल बोलत होतं. भाचा कामाला भिवंडीच्या गोदामात, राहायला भिवंडीत, पकडला भिवंडीत. आणि आम्ही पहाटे कल्याण मागे टाकून ठाण्याला उतरलो.

पुढचे चार तास या एका शब्दापायी गेले. पहिल्या पोलीस ठाण्यात 'या नावाचा कुणी नाही', दुसऱ्यात 'साहेब आल्यावर बघू', तिसऱ्यात तर अक्कालाच उलट प्रश्न, 'पोरगं काय करतं ते आईला माहीत नाही का?' शेवटी तिथल्याच एका महिला शिपायानं विचारलं, "मावशी, कामाला कुठं आहे तुमचा मुलगा?" भिवंडी म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि कंट्रोल रूमला फोन केला. ठाणे पोलीस आयुक्तालयात भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर सगळं येतं. वीस मिनिटांत पोलीस ठाणं कळलं, गुन्ह्याचा नंबरही कळला.

म्हणून आधी हे सांगतो: माणूस शोधायला निघण्याआधी गुन्हा रजिस्टर नंबर शोधा. प्रत्येक खिडकीवर नंबरच विचारतात, पोरगं कसं गुणी आहे ते कुणी विचारत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ३७ आहे. त्यानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो आणि ती माहिती ठळकपणे लावायची असते. तेव्हा ठाणी धुंडाळत बसू नका, आधी नियंत्रण कक्षाला विचारा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही एफआयआर आणि अटक आरोपींची यादी बघता येते. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा असं सुप्रीम कोर्टानं २०१६ साली सांगितलंय, फक्त लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथं दिसत नाहीत. मला हे सगळं नंतर कळलं. अक्काच्या शेजारच्या बीएस्सीच्या पोरीनं मोबाइलवर पाच मिनिटांत काढून दाखवलं. तेव्हा मला माझ्याच बावळटपणाचा राग आला.

ठाण्याहून एसटीनं भिवंडी. महिला सन्मान योजनेत अक्काला अर्धं तिकीट, तेवढंच त्या दिवशी मनासारखं झालं.

भिवंडीत पोचलो तेव्हा बारा वाजले होते. भेटू देईनात. मी आवाज चढवला नाही, एसटीत शिकलेली ही एकच विद्या. कागदावर लिहून दिलं: अटक किती वाजता दाखवली, कुठल्या कलमाखाली, घरच्यांपैकी कुणाला कळवलं. लेखी दिलं की खुर्चीवरचा माणूस सावरून बसतो. गंमत अशी की कळवलं होतं, खोलीतल्या पोराला! कायद्यात नातेवाईक किंवा मित्र, कुणालाही कळवलं तर चालतं (त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८). पंचनाम्याच्या कागदावर त्या पोराची सही होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काम झालेलं.

आरोप असा की गोदामातला माल गायब झाला आणि चौघांनी मिळून तो काढला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, नोकरानं मालकाच्या मालाची केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. भाच्यानं केलं की नाही ते इथं लिहीत नाही. ते कोर्टात चालू आहे, आणि पोटचं पोरगं आत असताना माणूस निवाडा करायच्या जागेवर नसतो.

अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायलाच लागतं. हे घटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे. याचा आमच्यासारख्यांना उपयोग असा: पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढण्यापेक्षा सरळ कोर्टात जाऊन थांबा, तो तिथं येणारच. सुट्टी असली तरी सुट्टीचं कोर्ट असतं. आम्ही दोनला कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो. साडेतीनला व्हॅन आली. चौघं उतरले, त्यात आमचा. दाढी वाढलेली नव्हती, मार दिसत नव्हता, फक्त डोळे सुजलेले. अक्का "जेवलास का?" एवढंच म्हणाली. त्यानं मान हलवली. जेवला होता की नाही, देव जाणे.

भाच्याला दमा आहे. इन्हेलर खोलीवर राहिला होता आणि आणला मी होता, पण हातात द्यायचा कसा? इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: औषध पोलिसाच्या हातात देण्याआधी न्यायाधीशांना सांगा आणि रिमांडच्या कागदावर लिहून घ्या. आमच्या वकील मॅडमनी डॉक्टरची चिठ्ठी दाखवून एका ओळीत ते नोंदवून घेतलं. ती ओळ पुढं जेलमध्येही उपयोगी पडली. चिठ्ठी नसती तर जेलच्या डॉक्टरकडून पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. घरात कुणाला बीपी, साखर, फिट्स असतील तर त्यांच्या चिठ्ठीचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा.

वकील मॅडम कुठल्या? कोर्टाच्या फाटकापाशी एक गृहस्थ भेटले होते. "चाळीस हजार द्या, दोन तासांत बाहेर." मी विचारलं, वकील का? "वकील आपलाच आहे." अक्का गळ्यातल्या मण्यांना हात लावून उभी. मी तिला बाजूला घेतलं. कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी आता लोक अभिरक्षक कार्यालयही असतं, म्हणजे आरोपीची बाजू फुकट लढवणाऱ्या वकिलांचं. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर पाठ करून ठेवा. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार अशी आपल्याकडं समजूत आहे. आमच्या मॅडम तरुण होत्या, फाईल एका वाचनात समजून घेतली, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची का, हा २०१४ च्या अर्णेश कुमार निकालातला प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला.

कोर्टानं दोन दिवस पोलीस कोठडी दिली, मग न्यायालयीन, म्हणजे जेलमधली. लोक याला पीसी आणि एमसी म्हणतात, ते शब्द कानावर पडले की घाबरू नका. एमसी झाली म्हणजे जामिनाचा अर्ज टाकायला वाट मोकळी. जेल कुठलं, ते जेल वॉरंटवर असतं. गंमत म्हणा की दैव, ठाणे मध्यवर्ती कारागृह. शेवटी ठाण्यालाच.

ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, तलावपाळी मागे टाकून कोर्टनाक्याच्या बाजूला जायचं, वीसेक मिनिटं चालत. जेल म्हणजे जुना किल्लाच आहे. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथंच फाशी दिलं, हे शाळेत पाठ केलं होतं. त्या भिंतीपाशी भाच्यासाठी रांगेत उभा राहीन असं तेव्हा कोण म्हणालं असतं?

मुलाकतीचं, म्हणजे जेलमधल्या भेटीचं सांगतो, कारण इथंच सगळ्यात जास्त माणसं परत फिरताना पाहिली. आधार कार्डाची मूळ प्रत पाहिजे, झेरॉक्सही. नातं दाखवायला रेशनकार्ड न्या, आई म्हणून अक्काचं नाव त्यावर होतं म्हणून बरं. मामा रक्ताचा नातेवाईक असला तरी कागदावर दिसत नाही, मला पहिल्या वेळी आत सोडलं नाही आणि ते बरोबरच होतं. कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि न्याबंदी क्रमांक सांगावा लागतो (न्याबंदी म्हणजे न्यायाधीन बंदी, खटला चालू असलेला कैदी). क्रमांक नसेल तर कुठल्या कोर्टानं, कुठल्या तारखेला पाठवलं ते सांगा, त्यावरून काढून देतात. मोबाइल, पाकीट, पट्टा, काहीही आत नाही. दोघं जा, एक बाहेर वस्तू सांभाळायला. न्यायाधीन बंद्याला साधारण आठवड्यात एक भेट मिळते. वार आणि वेळ जेलगणिक वेगळे, तेव्हा गावाहून निघण्याआधी फोन करून विचारा. आम्ही न विचारता गेलो आणि एक दिवस तलावपाळीच्या बाकावर काढला.

काचेपलीकडून इंटरकॉमवर बोलायचं. आपला वेळ कापरासारखा उडतो. अक्कानं पहिली दोन मिनिटं रडण्यात घालवली. दुसऱ्या खेपेला मी तिच्या हातावर पेनानं लिहून दिलं: औषध, कपडे, पैसे, तारीख. त्याच क्रमानं विचारायचं, मग रडायचं. आणि एक, खटल्याबद्दल काचेपाशी काही बोलू नका. कुणी काय सांगितलं, माल कुठं गेला, हे वकिलाशीच बोलायचं.

न्यायाधीन बंद्यानं स्वतःचे कपडे घालायचे असतात, ते देता येतात. नाडीची पॅन्ट चालत नाही, इलॅस्टिकची न्या. घरचं जेवण कोर्टाच्या परवानगीशिवाय जात नाही, त्यामुळं अक्कानं रात्रभर जागून केलेल्या तिळाच्या वड्या मीच खाल्ल्या. साबण, टूथपेस्ट, फरसाण आतल्या कॅन्टीनमधून मिळतं, त्यासाठी खात्यात पैसे पाहिजेत. टपालाच्या मनीऑर्डरनं पाठवतात. शंभराला पाच रुपये कमिशन. महिन्याला किती पाठवायचे याला मर्यादा आहे, ती जेलच्या खिडकीवर विचारून घ्या. मनीऑर्डरवर त्याच्या नावाबरोबर वडिलांचं नाव आणि न्याबंदी क्रमांक लिहा. एकाच नावाचे चार जण आत असतात.

अक्काला परत सांगलीला सोडलं, दर आठवड्याला एवढा प्रवास तिच्यानं होत नव्हता. मग ई-मुलाकात. सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, मोबाइलवर ओटीपी येतो, वेळ मंजूर झाली की व्हिडिओवर भेट. त्या बीएस्सीच्या पोरीनं लावून दिलं. चित्र अडकत होतं, पण अक्का म्हणाली काचेपेक्षा हे बरं, घरातली भिंत तरी त्याला दिसते.

तारखा बघायला ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. सीएनआर मिळायच्या आधी पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकूनही शोधता येतं. मी रोज सकाळी चहाबरोबर बघायचो, तारीख बदललेली नसली तरी.

जामिनाला सरकारी बाजूचं म्हणणं यायला वेळ लागला. सगळे त्याला 'से' म्हणतात, 'से' आला नाही म्हणून एक तारीख गेली. दुसऱ्या तारखेला पंधरा हजारांचा जामीन झाला. आम्ही सांगलीचे, केस भिवंडीची, स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? जामिनाला स्थानिकच माणूस पाहिजे असा आग्रह धरू नये हे सुप्रीम कोर्टानं १९७८ सालीच मोतीराम प्रकरणात म्हटलंय, २०२३ च्या जानेवारीतल्या आदेशातही पुन्हा. मॅडमनी तेच पुढं केलं आणि तात्पुरता रोख जामीन मागितला. चार आठवडे मिळाले, त्यात आम्ही गावाकडचा जामीनदार आणायचा. त्याचा सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, फोटो. कोर्टाबाहेर भाड्यानं जामीनदार मिळतात, कागद खोटे असतात, त्यांच्या नादाला लागू नका. उद्या तुम्हीच आरोपी व्हाल.

पैसे नाझरकडं, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या कारकुनाकडं भरले, सुटकेचा आदेश निघाला चारला. सुटकेचे आदेश टाकायची जेलची जामीनपेटी ठरलेल्या वेळांनाच उघडतात आणि शेवटची वेळ गेली की रात्र आतच. ती रात्र मला सगळ्यात लांब वाटली. म्हणून आदेशाच्या दिवशी पैसे सकाळीच घेऊन जा, बँकेच्या रांगेत दुपार घालवू नका.

दुसऱ्या दिवशी अकराला तो दिंडी दरवाजातून बाहेर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात कुणाची तरी चप्पल. वडापाव खाल्ला, दोन. मग म्हणाला, "मामा, माझा मोबाइल?"

मोबाइल मुद्देमालात जमा आहे. परत मिळावा म्हणून मॅडमनी अर्ज दिलाय, खरेदीची पावती जोडायची होती ती अक्कानं ट्रंकेतून शोधून काढली. पुढची तारीख पंधरा दिवसांनी.