ट्रक मिसिंग मारतोय आणि मेकॅनिक अंदाज सांगत नाही

एका तासाचे 180 डॉलर मोजले आणि ट्रक जसा नेला होता तसाच, धडधडत, घरी परत आणला. सोबत एक छापील कागद मिळाला. त्यावर आकड्यांचे रकाने, खाली दोन ओळी, त्याखाली मेकॅनिकची सही. दुरुस्ती काहीही नाही. हे वाचून तुमच्या तोंडात जो शब्द आला असेल तोच मीही पार्किंगमध्ये उच्चारला, मराठीत, त्यामुळे कुणाला कळला नाही.

आधी ट्रकचं सांगतो, कारण "तुला व्ही-8 पिकअप हवीच कशाला" हे घरून अजून येत असतं. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पिकअप ही चैन वाटत नाही. प्लायवूड आणायचं, झाडाच्या फांद्या टाकून यायच्या, कुणाचं घर हलवायचं. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी कोणाच्या गाडीतून जातं ते विचारा. एरवी टेस्लावाले सगळे तेव्हा मला "दादा" म्हणतात. तर 2012 ची शेव्ही सिल्व्हेराडो, 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा. गाडी चांगली आहे. जे बिघडलं ते हेडर बसवल्यानंतर.

हेडर म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, आणि त्या नळ्या पुढे एकत्र होतात. धूर मोकळा बाहेर पडतो, एका सिलिंडरच्या धक्क्याने मागच्याची हवा ओढली जाते, ताकद थोडी वाढते. शॉर्टी, म्हणजे आखूड नळ्यांच्या, हेडरने वाढणारी ताकद अगदी थोडी, हे मलाही माहीत आहे. आवाज मात्र छान येतो. जुना मॅनिफोल्ड तसाही वाकून गळायला लागला होता, म्हणजे काहीतरी बदलायचं होतंच. (बायकोला हे कारण अजून पटलेलं नाही.)

बसवून दिले एका दुकानाने, नाव घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्टार्ट केलं की ड्रायव्हरच्या बाजूने टिकटिक. गाडी तापली की टिकटिक कमी, पण सिग्नलला उभं राहिलं की अख्खी केबिन थरथरायची. चढावर रेस दिली की इंजिनचा दिवा उघडझाप करायचा. दिवा नुसता पेटून राहणं वेगळं आणि उघडझाप करणं वेगळं. उघडझाप म्हणजे न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, आत तापमान चढतंय, आता सावकाश घे. कॅलिफोर्नियात कन्व्हर्टर बदलायचा तर राज्याने मंजूर केलेलाच लागतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस आपोआप सावकाश घेतो. दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं की हेडर असेच वाजतात, बसतील हळूहळू.

मग सल्ल्यांचा पाऊस. पार्ट्सच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये यंत्र खुपसलं, दोन कोड आले. पी-0305, म्हणजे पाच नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यातलं पेट्रोल मधूनमधून पेटतच नाहीये. पी-0171, म्हणजे बँक एकमध्ये (सिलिंडरची एक रांग म्हणजे एक बँक) पेट्रोल कमी, हवा जास्त. काउंटरवरच्या मुलाने लगेच ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरात किती ऑक्सिजन उरला ते कम्प्युटरला सांगणारा पार्ट, काढून ठेवला. ऑफिसातला एकजण म्हणाला, टॅपेट गेलं, इंजिन उघडावं लागणार. दुसरा म्हणाला, पेट्रोल पंप. तिसऱ्याने कम्प्युटर नव्याने ट्यून करायला सांगितलं आणि तो करणाऱ्याचा नंबरही दिला. प्रत्येकाचं निदान कुठलातरी पार्ट विकत घेण्यापाशी येऊन थांबत होतं.

मी इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून आतेभावाला पाठवला. त्याचं आयुष्य ट्रकांखाली गेलंय, तेही डिझेलच्या. त्याने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "गार असताना जास्त वाजतं का रे? मग पॅकिंग लीक आहे. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते." इतक्या लांबून, फोनच्या स्पीकरवर. इथल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं, ही नोंद मी मुद्दाम करून ठेवतोय, कारण पुढे मी इथल्या मेकॅनिकचं कौतुक करणार आहे आणि मला "तिकडचाच झाला" हे ऐकायचं नाहीये.

तर तो मेकॅनिक. साठीचा माणूस, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा, स्मॉगच्या, म्हणजे गाडीच्या धुराशी संबंधित, दुरुस्त्याच करतो. मी म्हटलं, आवाज ऐका आणि सांगा काय वाटतं. त्याने आवाज ऐकलाच नाही. समोर कागद सरकवला, एक तास तपासणी, 180 डॉलर, सही करा. म्हटलं, अंदाज तरी सांगा. तो म्हणाला, अंदाज सांगायचे पैसे मी घेत नाही, म्हणून सांगतही नाही.

मला हे उद्धटपणाचं वाटलं. आपल्याकडे मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आत दोन शक्यता सांगितल्या नाहीत तर आपणच दुसऱ्याकडे जातो. त्या गप्पांतून आपल्याला माणूस कळतो. इथे माणूस कळायला वाव नाही, कागद आहे. पण त्या कागदामागे कायदा आहे. कॅलिफोर्नियात काम सुरू करण्याआधी अंदाजपत्रक देऊन ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागते, ठरल्यापेक्षा जास्त काम निघालं तर पुन्हा विचारावं लागतं, आणि आधी सांगून ठेवलं तर काढलेले जुने पार्ट ग्राहकाला दाखवावे किंवा परत द्यावे लागतात. माझा तास संपला तेव्हा त्याने फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो, घेतला नाही. त्याने पाना खाली ठेवला, कागद छापला, ट्रक बाहेर लावून ठेवला. बस्स.

रात्री राग ओसरल्यावर तो कागद नीट वाचला, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं गाड्या वापरतोय, असा कागद मला कुणी कधी दिला नव्हता. इंजिन आयडलिंगला असताना बँक एकला कम्प्युटर नेहमीपेक्षा 19 टक्के जास्त पेट्रोल ओततोय, बँक दोनला फक्त 3 टक्के. 2500 आरपीएमला हेच आकडे 8 आणि 2. मिसिंगची मोजणी: पाच नंबरवर शेकड्यांनी, बाकी सातांवर शून्याच्या आसपास. प्रत्येक आकड्यापुढे इंजिनचं तापमान. आणि खालच्या दोन ओळी (फ्लँज म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने बसतो ती पट्टी): "ड्रायव्हर बाजूची हेडर फ्लँज तपासा. पाच नंबरची प्लग वायर तपासा. दोन्ही खात्री केलेली नाही."

शेवटचं वाक्य तर फ्रेम करून लावावं असं.

त्या आकड्यांवर काही लिहिल्यावाचून मला राहवत नाही. पेट्रोल पंप कमजोर असता तर रेस वाढवल्यावर तूट वाढली असती. इथे ती कमी होत होती. इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूला, गळती असती तर साधारण दोन्ही बँका बिघडल्या असत्या. बिघाड एकाच बाजूला, आणि तोही आयडलिंगला सगळ्यात जास्त. म्हणजे त्या बाजूच्या एक्झॉस्टमध्ये, सेन्सरच्या अलीकडे, फट. धूर धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत क्षणभर ओढ तयार होते, तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो ओरडतो "पेट्रोल कमी", कम्प्युटर बिचारा ओतत सुटतो. गरम चहा पिऊन थर्मामीटर तोंडात धरला आणि डॉक्टरने तेवढ्यावर इंजेक्शन दिलं, तसा प्रकार. सेन्सर बदलून काय होणार होतं? नवा सेन्सरही तेच ओरडला असता.

आणि यात अजून एक मेख. जो सिलिंडर मिसिंग मारतो, त्याच्यातली न जळलेली हवाही त्याच सेन्सरपाशी जाते. म्हणजे मिसिंगमुळेही हाच कोड येऊ शकतो. दोन वेगळे बिघाड, दाखवणारा काटा एकच. म्हणून त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. आतेभावाला पहिली कानाने कळली होती, दुसरी आवाजात सापडणारी नव्हती.

बँक एक म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर. शेव्हीच्या या इंजिनात तो ड्रायव्हरकडे, फोर्डच्या व्ही-8 मध्ये पॅसेंजरकडे. ड्रायव्हर इथे डावीकडे बसतो, हे आपल्या डोक्याला मधूनच पुन्हा समजावावं लागतं. त्यात शेव्हीचे विषम नंबर एका बाजूला, सम दुसऱ्या. पुढून मोजलं तर पाच नंबर ड्रायव्हरच्या बाजूचा तिसरा.

पुढचं काम मी गराजमध्ये स्वतः केलं. रात्री दिवे बंद केले, इंजिन चालू, गराजचं दार सताड उघडं, हातात झाडांवर फवारायची पाण्याची बाटली. प्लगच्या वायरींवर हलका फवारा मारला. पाच नंबरच्या बुटापासून, म्हणजे वायरीच्या टोकाच्या रबरी टोपीपासून, हेडरच्या नळीवर निळी ठिणगी उडी मारताना दिसली, चट चट चट, अगदी लयीत. नळी बुटापासून बोटभरही लांब नव्हती. वायर काढून पाहिली तर रबर एका बाजूने चकचकीत झालेलं आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं पांढरट भोक. पंचवीस-तीस हजार व्होल्टांना तेवढं पुष्कळ होतं, ते प्लगपर्यंत कशाला जातील? चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून ठिणगी टाकणं अवघड होतं, आणि वीज सोपी वाट धरते. दिवा चढावरच का उघडझाप करत होता ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

फट शोधायला इंजिन बंद, गार. शॉप व्हॅक्युमची नळी उलटी जोडून सायलेन्सरच्या तोंडातून हवा आत सोडली आणि फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं. सात नंबरपाशी, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कुशीत, बुडबुडे. तो शेवटचा बोल्ट स्टिअरिंगच्या दांड्याआड आहे. तिथे पाना जेमतेम पाव फेरा फिरतो, आणि दुकानवाल्याने तो हाताने घट्ट करून सोडून दिला होता. हेडरसोबत आलेलं कागदासारखं पातळ पॅकिंगही तिथे जळून काळं पडलेलं. सगळी बाजू सोडवली, पोलादी थरांचं पॅकिंग घातलं, मधल्या बोल्टपासून बाहेर जात आधी 11 आणि मग 18 फूट-पाउंडावर आवळलं. गाडी एकदा तापवून, गार करून परत तपासलं. नवी वायर, बुटावर उष्णता अडवणारा मोजा, आणि वायर नळीपासून लांब बांधली.

टिकटिक गेली. बँक एकचा आकडा 19 वरून 4 वर आला. आतेभावाला नवा आवाज पाठवला तर म्हणाला, "आता कसं शिवणयंत्र चालतंय." आणि वर, "180 डॉलर कशाला घातलेस, मी फुकट सांगितलं होतं." मी त्याला पाच नंबरच्या वायरीचं सांगायला गेलो, त्याने विषय बदलला.

हे सगळं घाईने केलं कारण रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आलंय आणि त्याआधी स्मॉग चेक पास व्हावा लागतो. आपल्या पीयूसीसारखं सायलेन्सरमध्ये नळी घालून काम भागत नाही. 2000 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ती नळी लागतच नाही, गाडीचा कम्प्युटरच सगळं सांगतो. बॅटरी काढून कोड पुसले तर ते पुसल्याचंही कळतं, कारण आतल्या तपासण्या अपूर्ण दिसतात. 2010 पासूनच्या गाड्यांत तर काही कोड यंत्राने पुसताच येत नाहीत, बिघाड खरोखर गेल्याची गाडीला स्वतःला खात्री झाली की ती पुसते. या व्यवस्थेचं मला कौतुक आहे आणि तिचा वैतागही तितकाच आहे, कारण प्रत्येक तपासणी पूर्ण व्हायला गाडी विशिष्ट तऱ्हेने चालवावी लागते. गार स्टार्ट, हायवेवर एकसारखा वेग, मग गिअरमधून न काढता नुसता ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यायचा. मागून येणारे हॉर्न वाजवतात. इथे हॉर्न वाजवत नाहीत असं ज्यांनी सांगितलं ते बहुधा स्मॉगसाठी गाडी चालवत नव्हते.

हेडरना राज्याची मंजुरी आहे. तिच्या क्रमांकाचा स्टिकर बॉनेटखाली दिसावा लागतो, दुकानाने तो खोक्यातच ठेवला होता. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर तो मी पुसूनबिसून सरळ चिकटवलाय. आता फक्त पेट्रोलच्या वाफेची तपासणी अपूर्ण दाखवतेय, आणि 2000 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तेवढी एक माफ आहे. शनिवारची वेळ घेतली आहे.