सिफ्नोसचे चणे आणि डोंगरावरची पंगत

ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावर जायचं तर शनिवारी दुपारपर्यंत पोहोचावं, म्हणजे रविवारचे चणे चुकत नाहीत. सँटोरिनीचे फोटो बघून ग्रीसचं तिकीट काढणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, पण या बेटावरचा आठवडा खरोखर त्या चण्यांकडे डोळे लावून चालतो.

बेटावर विमानतळ नाही. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोट साधारण अडीच-तीन तासांत बेटावरच्या कामारेस बंदरात उतरवते. मोठी संथ फेरी पाचेक तास घेते. आम्ही तीच घेतली, डेकवर वारा खात बसायला मिळतं म्हणून. बेट जेमतेम 74 चौरस किलोमीटरचं, वस्ती तीन हजारांच्याही आत. कामारेसहून बस वळणं घेत वर अपोलोनिया या मुख्य गावाला जाते. तिथे खोली घ्यावी, कारण बेटावरच्या बहुतेक बसगाड्या तिथूनच सुटतात.

तर चणे. रेविथादा म्हणजे काबुली चणे, कांदा, तमालपत्र, ऑलिव्हचं तेल, मीठ आणि पाणी. बस्स. शनिवारी संध्याकाळी हे सगळं स्केपास्तारिया नावाच्या गोलसर मातीच्या भांड्यात भरायचं आणि लाकडाच्या भट्टीत रात्रभर सोडून द्यायचं. पूर्वी घराघरांतली भांडी पाव भाजणाऱ्याच्या भट्टीत जात, आजही काही जातात. आम्ही पाहिली त्यातल्या एका भांड्याच्या झाकणाला कडेने कणकेची वळी लावून तोंड अगदी बंद केलं होतं. रविवारी सकाळी चर्चमधून परतताना ज्याने त्याने आपापलं भांडं ओळखून घरी न्यायचं. आम्हाला ते एका खानावळीत मिळालं. चणे अख्खे होते, पण जिभेवर ठेवले की विरघळत होते. रस्सा दाट आणि कांदा कुठे गेला ते कळत नव्हतं. वरून लिंबू. माझ्यासोबतची मंजिरी शाकाहारी. पहिल्या घासाला म्हणाली, "जिऱ्याची फोडणी हवी होती." मग काही बोलली नाही आणि पावाने ताटली पुसून आणखी मागवले.

भांडं इथलंच, मातीही इथलीच. सिफ्नोसचे कुंभार पूर्वी हंगामात दुसऱ्या बेटांवर जाऊन मडकी घडवत. किनाऱ्यालगत आजही काही कारखाने चालू आहेत. एका ठिकाणी बराच वेळ उभा राहिलो. कुंभार चाकावरून भांडं दोऱ्याने कापून काढायचा, फळीवर ठेवायचा आणि झाकण बसतंय का ते मापायला हाताची वीत लावायचा. घरांच्या धुरांड्यांवरही मातीच्या टोप्या असतात, फ्लारो म्हणतात त्यांना. भोकं पाडलेलं मडकं उलटं ठेवावं तशा दिसतात. गल्लीतून मान वर करून चाललं की एकीसारखी दुसरी सापडत नाही.

गंमत म्हणजे हेच बेट एके काळी सोन्या-चांदीच्या खाणींवर गब्बर होतं. ख्रिस्तपूर्व 525 च्या सुमारास इथल्या लोकांनी डेल्फीला, अपोलो देवाच्या तीर्थस्थानी, संगमरवरी खजिनाघर बांधलं, त्याचे अवशेष आजही तिथे आहेत. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की खाणींचं उत्पन्न नागरिक दरवर्षी आपसांत वाटून घेत. पुढे सामोस बेटाचे लोक जहाजं घेऊन आले, दहा टॅलेंट (तेव्हाचं चांदी मोजायचं मोठं माप) उसने मागितले, यांनी नाही म्हटलं, तर शंभर वसूल करून गेले. नंतर खाणींत समुद्राचं पाणी शिरलं. अपोलोला दशमांश देणं थांबवलं म्हणून हे झालं, असं प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पाउसानियास लिहितो. आता सोनं नाही, कुंभार आहेत.

आम्ही जुलैत गेलो ते मुद्दाम, 19 तारखेच्या पानिगीरीसाठी. पानिगीरी म्हणजे चर्चची जत्रा. बेटावर दोनशेहून जास्त लहानमोठी चर्च आहेत, त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे जत्रा असतेच. प्रोफितिस इलियास या संताची जत्रा मात्र बेटाच्या सर्वांत उंच डोंगरावर, सुमारे 680 मीटरवरच्या जुन्या मठात भरते. वर गाडीरस्ता नाही. उन्हं कलल्यावर दगडी वाटेने चढायला लागलो तेव्हा पुढे आज्या होत्या, मागे शाळकरी पोरं, आणि सगळे आमच्यापेक्षा जोरात.

इथली पद्धत मला फार आवडली. त्या संताची प्रतिमा वर्षभर एका घरी मुक्कामाला असते. ते घर त्या वर्षाचं मानकरी, त्याला पानिगिरास म्हणतात. जत्रेच्या संध्याकाळी ती प्रतिमा चर्चमध्ये आणायची आणि आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं, ही त्याची जबाबदारी. मदतीला नातेवाईक आणि गाव असतंच. प्रार्थना झाली, आशीर्वादाचे पाव कापून वाटले, आणि लोक भोजनशाळेच्या दाराशी गोळा झाले. आत लांब टेबलं, जागा थोडी. एक पंगत उठली की दुसरी. वाढपी पोरं ताटल्या डोक्यावरून नेत होती. आधी चणे, मग मटण, सोबत वाईन. मंजिरीने ताटली झाकली तर शेजारच्या आजींनी तिच्याकडे पाहिलं, आतल्या माणसाला हाक मारली आणि चण्यांची दुसरी वाटी आणवली. कोण, कुठले, कुणीही विचारलं नाही. जेवण उरकल्यावर व्हायोलिन आणि लाउतो निघाली. लाउतो हे लांब मानेचं तंतुवाद्य. एकाने दोन ओळी गायच्या, बाकीच्यांनी उचलून धरायच्या. त्या बहुधा तिथल्या तिथे जुळवलेल्या असाव्यात, कारण ज्याच्यावर गाणं चाललं होतं तो लाजत होता.

निघताना जो तो यजमानांना "के तू ख्रोनू" म्हणत होता, पुढच्या वर्षीही असंच घडो. आम्हीही म्हटलं. उतरताना डोंगरभर टॉर्चचे ठिपके होते.

जाणार असाल तर तळ घट्ट असलेले बूट घ्या, टॉर्च घ्या आणि वर वारा जबर असतो म्हणून जाकीटही, जुलै असला तरी. जेवणाचे पैसे कुणी घेत नाही. चर्चमध्ये मेणबत्ती लावून पेटीत टाकायचे. ख्रिसोपिगीचा समुद्रातल्या खडकावरचा मठ आणि कास्त्रोची गढीसारखी वस्ती हे दोन्ही पुढच्या एका दिवसात आरामात होतं. आर्तेमोनास गावात बदामाची मिठाई मात्र सकाळीच गाठा.