पोरं ऐकतात का तुमचं?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, सोसायटीतले विचारतात. हल्ली फौजेतून बाहेर पडायच्या विचारात असलेले मेजर आणि लेफ्टनंट कर्नलही फोनवर जरा संकोचत विचारतात. "सर, युनिटमध्ये तुमच्या शब्दावर सगळे हलायचे. आयटीतली पोरं ऐकतात का तुमचं? त्यात तुम्हाला त्यांच्याइतकं कोडिंगही येत नाही."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऐकतात. पण प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यातच गोंधळ आहे. युनिटमध्ये माझ्या शब्दावर सगळे हलायचे हे खरं, पण तो शब्द माझ्या तोंडी कुणी घातलेला असायचा, हे कुणी विचारत नाही.

साताऱ्याची सैनिक स्कूल, खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची मिलिटरी अकॅडमी आणि मग कोअर ऑफ सिग्नल्स, म्हणजे लष्कराचं दळणवळण सांभाळणारं दल, असा माझा रस्ता. कमिशन मिळालं तेव्हा मिसरूड नुकतंच फुटलेलं. हाताखालचे सुभेदार साहेब मात्र माझ्या जन्माच्या सुमारास भरती झालेले. ते मला "साहब" म्हणायचे, मीही त्यांना "साहब" म्हणायचो. कायदा माझ्या बाजूने होता. 1950 च्या आर्मी अ‍ॅक्टचं कलम 41 वरिष्ठाची आज्ञा मोडणाऱ्याला थेट कोर्ट मार्शलपर्यंत नेतं. पण बर्फात दबलेली केबल कलम 41 दाखवून जोडता येत नाही. कुठली बॅटरी किती थंडीत मान टाकते ते हवालदाराला ठाऊक. लाइन कुठल्या दगडाखालून गेलीय ते लाइनमनला ठाऊक. ब्रिगेडचा फोन मात्र मला यायचा, "लिंक कधी थ्रू होणार?"

सुभेदार साहेबांनी जवानांसमोर मला कधी खोडून काढलं नाही. मी ऑर्डर दिली की "ठीक है साहब" म्हणून सॅल्यूट ठोकायचे. अर्ध्या तासाने चहाचा मग घेऊन माझ्या तंबूत यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि उठता उठता म्हणायचे, "साहब, एक बात थी." ते चार शब्द कानावर पडले की समजायचं, मघाची ऑर्डर बदलायची आहे. पुढे पुढे मीच ऑर्डर देण्याआधी चहा मागवायला लागलो.

म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसांचं नेतृत्व करणं मी आयटीत आल्यावर शिकलो नाही. नव्या लेफ्टनंटला पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं. आज माझ्या टीममध्ये विशी-पंचविशीतली एक मुलगी आहे. आमच्या डेटाबेसच्या पोटात काय चाललंय हे तिला झोपेतही सांगता येईल. महूला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये मी बी.टेक. केलं, त्याच्या आधाराने तिचं बोलणं मला बरंचसं कळतं. तिच्याइतकं येत नाही आणि यायची गरजही नाही. ती मला पहिल्या नावाने हाक मारते. मीटिंगमध्ये काही बोलत नाही. नंतर मेसेज येतो, "दोन मिनिटं आहेत का?" मला लगेच तंबूतला चहा आठवतो. ती दोन मिनिटं मी कधी पुढे ढकलत नाही.

मग काहीच बदललं नाही का? बदललं ना. फौजेत ऐन मोसमात कुणी राजीनामा देत नाही. इथे अप्रेझलचं पत्र हातात पडलं की आठवड्याभरात उत्तम माणूस नोटिस टाकतो, दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवतो आणि साठ किंवा नव्वद दिवसांनी निघून जातो. तिथे पगार वेतन आयोग ठरवायचा, मला त्यावर एक अक्षर बोलावं लागलं नव्हतं. इथे "मार्केट रेट" नावाच्या गोष्टीवर तासतास जातात. तिथे माझा वार्षिक गोपनीय अहवाल वरचे लिहायचे. इथे खालचेही माझ्याबद्दल लिहितात, तेही नाव न देता. पहिल्या वर्षी हे पचायला जड गेलं, आता आवडतं. लेफ्टनंट असताना सुभेदार साहेबांना माझा अहवाल लिहायला दिला असता तर मी बराच लवकर शहाणा झालो असतो.

बाहेर आलेले काही अधिकारी जिथे अडकतात त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ऑर्डर देऊन झाल्यावर फौजेत विचारतात, "कोई शक?" आणि एकसुरात उत्तर येतं, "नहीं साहब." सिनेमामुळे हे सगळ्यांना पाठ झालंय. पण त्या प्रश्नाआधी काय झालेलं असतं? रेकी झालेली असते. मातीचं मॉडेल करून त्यावर टेकड्या, नाले, वाटा दाखवलेल्या असतात. ऑर्डरमध्ये परिस्थिती आधी येते, मग उद्दिष्ट, मग कोण काय करणार, मग रसद आणि शेवटी कोण कोणाशी कसा बोलणार. त्यानंतर प्रत्येक तुकडीप्रमुख आपल्या वाट्याचं काम आपल्या शब्दांत सांगून दाखवतो, आणि त्याला ते कळलंय की नाही हे तिथेच उघडं पडतं. शंका निघायच्या त्या आधीच निघून गेलेल्या असतात. आमच्यातले काहीजण कंपनीत येताना नेमकं शेवटचं वाक्य घेऊन येतात आणि आधीचं सगळं मागे ठेवतात. दहा मिनिटांत स्लाइड दाखवायच्या आणि "एनी क्वेश्चन्स?" म्हणून सगळ्यांकडे रोखून बघायचं. समोरचे गप्प बसतात. हा म्हणतो, सगळे सहमत आहेत. समोरचे मनात म्हणतात, बघू या काय होतंय ते.

मोठा बदल लाइव्ह करायच्या आधी मी अजूनही प्रत्येकाला विचारतो, "तुझ्या वाट्याला काय आहे ते सांग, आणि रात्री दोन वाजता हे कोसळलं तर तू आधी काय करशील?" सुरुवातीला पोरांना हे शाळेत पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटायचं. आता एखाद्या वेळी मी विसरलो तर तीच आठवण करून देतात.

फौजेतून दुसरी कामाची गोष्ट आणली ती म्हणजे हॅंडिंग-टेकिंग. दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग येणार हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून यादी, नकाशा, चाव्या, अर्धवट राहिलेली कामं, सगळं कागदावर उतरवायचं आणि नव्या माणसासमोर मोजून सह्या करायच्या. आयटीत मी आलो तेव्हा "ते फक्त अमुकलाच माहीत आहे" हे वाक्य लोक कौतुकाने म्हणायचे. अमुकच्या लग्नाची तारीख ठरली की सगळ्यांच्या पोटात गोळा. आता आमच्याकडे दर काही महिन्यांनी कामं मुद्दाम अदलाबदल करून दिली जातात. यावर कुरकुर होते, आणि ती मला मान्य आहे.

शिस्तीबद्दल मी अजून काही बोललो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं सांगायचं तर ज्या पोराने रात्रभर जागून सर्व्हर उभा केला, तो सकाळी अकराला चपला घालून आला तर मला काही फरक पडत नाही.

बाहेर पडायची वाट मात्र सोपी नव्हती. अधिकाऱ्यांसाठी डायरेक्टोरेट जनरल रीसेटलमेंट या माजी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या सरकारी कार्यालयामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे कोर्स असतात. मीही एक केला. ताळेबंद वाचायला शिकलो, एवढा त्याचा उपयोग. मुलाखतींमध्ये मात्र लोक आदराने उठून उभे राहायचे आणि अ‍ॅडमिन, फॅसिलिटी किंवा सिक्युरिटीची जागा पुढे करायचे. सिग्नल्सचा माणूस आयुष्यभर नेटवर्क चालवत आलेला असतो हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. लेफ्टनंट जनरल राजेश पंत आमच्याच कोअरचे, महूच्या कॉलेजचे कमांडंट राहिलेले, आणि पुढे 2019 ते 2023 देशाचे राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक. मुलाखतीत त्यांचं उदाहरण दिल्यावर समोरचा पेन उचलून काहीतरी लिहून घ्यायचा.

माझं निभावलं, कारण माझ्या नावामागे कर्नल होतं आणि वीस वर्षं भरल्याने पेन्शनही होती. जवानाला पंधरा वर्षांनंतर पेन्शन मिळते, पण त्याच्या नावामागे कर्नल नसतं. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून सिग्नल्सचा हवालदार बाहेर पडतो तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास असतो. त्याने टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलेलं असतं, फायबर जोडलेलं असतं, वाळवंटात जनरेटर आणि रेडिओ दोन्ही जिवंत ठेवलेले असतात. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात असे किती निघतील. आमच्या आयटी पार्कात तो बॅग तपासत गेटवर उभा असतो, आणि आत आम्ही नेटवर्क ऑपरेशन्सला माणसं मिळत नाहीत म्हणून कन्सल्टंटला पैसे मोजतो.

म्हणून आता मेजरसाहेबांचा फोन आला की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर मी एक काम सांगतो. तुमच्या युनिटमधून यंदा निवृत्त होणाऱ्या टेक्निशियन आणि ऑपरेटरांची नावं पाठवा, आणि प्रत्येकाने शेवटची कुठली उपकरणं हाताळली तेही लिहा. नुसती रँक लिहून पाठवलीत तर आमच्या एचआरला त्यातून काही कळणार नाही.