चिरेबंदी घरातले वायफाय

आमचे सिंधुदुर्गातले घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. पुढची पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशा खोल्या एकामागून एक लांबलचक पसरलेल्या आहेत, आणि त्यात नंतरच्या पिढीने काटकोनात एक स्लॅबची बाजू जोडली आहे. फायबरची तार रस्त्याच्या अंगाने येते, म्हणून राउटर विजेच्या मीटरशेजारी, म्हणजे घराच्या अगदी एका टोकाला बसवला गेला. वहिनींचे ऑफिसचे काम नेमके दुसऱ्या टोकाच्या खोलीतून चालते. तिथे नेट पूर्ण बंद कधीच नसायचे. ते मधूनच जायचे आणि तक्रार नोंदवेपर्यंत परत आलेले असायचे. अशा दुखण्यावर घरोघरी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे अधिक अँटेनांचा, अधिक महागडा राउटर आणणे. माझे मत असे की, नेट नेमके कुठे तुटते हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

ते कळण्यासाठी लॅपटॉपवर पिंगच्या, म्हणजे एखाद्या पत्त्याला सतत हाक मारून उत्तर येते का हे पाहणाऱ्या आज्ञेच्या, दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एकीत राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि दुसरीत बाहेरचा एखादा कायम चालू असणारा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८, द्यावा. विंडोजवर आज्ञेच्या शेवटी ‘-t’ जोडले, की थांबवेपर्यंत पिंग चालू राहते. राउटरकडून उत्तरे नीट येत असताना बाहेरची खंडित झाली, तर दोष लाइनचा आहे. लांबच्या खोलीत राउटरचीही उत्तरे गळू लागली, आणि त्याच वेळी राउटरला तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर सगळे सुरळीत असेल, तर दोष वायफायचा आहे. तारेने जोडलेल्या संगणकावरही दोन्ही खिडक्या एकदम गप्प झाल्या आणि मिनिटा-दोन मिनिटांनी पूर्ववत झाल्या, तर राउटर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होत असण्याचा संभव अधिक. राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ अखंड चालू आहे याची नोंद असते. ती पाहिली की शंका राहत नाही. आमच्याकडे हे तिन्ही दोष एकाच वेळी नांदत होते, त्यामुळे कुठलाही एक दूर केला तरी काहीच सुधारले नाही असे वाटत राहिले असते.

सर्वांत सोपा दोष विजेचा निघाला. वीज गेली की इन्व्हर्टर भार आपल्याकडे घेतो, पण त्या बदलात काही सहस्रांश सेकंदांचा खंड पडतो. दिवा किंचित लुकलुकतो आणि पंख्याला तर ते कळतही नाही. राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे साधा आणि यूपीएस असे दोन पर्याय देणारे बटण असते. ते यूपीएसवर ठेवले की हा खंड कमी होतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे राउटर आणि त्याच्या अलीकडचा फायबरचा डबा (तारेतून येणारा प्रकाश राउटरला समजेल अशा रूपात आणणारा) या दोघांसाठी बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस. घेताना अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा, कारण दोन अँपिअर मागणाऱ्या राउटरला एक अँपिअरचा यूपीएस लावला तर नवाच घोळ सुरू होतो.

लाइनच्या दोषात आपल्या हातात फारसे काही नसते, पण आकडा हातात असला तर तक्रारीला वजन येते. फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे आकड्यात दिसते. नेहमीच्या जोडणीत ती साधारण उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएमच्या दरम्यान असावी लागते. (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचे माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.) आमच्याकडे कोरड्या दिवशी ती कशीबशी मर्यादेत असे आणि मोठ्या पावसात उणे अठ्ठाविसाच्या पलीकडे जाई. ‘दादा, एकदा रिस्टार्ट करून बघा’ हे नेहमीचे उत्तर हा आकडा वेळेसह कळवल्यावर थांबले. माणूस शिडी घेऊन आला, खांबावरच्या जोडाच्या डब्यात शिरलेले पाणी त्याने काढले आणि जोड नव्याने केला.

आता मूळ मुद्दा, भिंतींचा. जांभ्यात लोह असते म्हणून वायफाय अडते, असे गावात सर्रास सांगतात, परंतु तेवढ्या लांब जाण्याची गरज नाही. चिऱ्याची जाडी आणि सच्छिद्र दगडाने पावसाळ्यात धरलेली ओल एवढ्यानेच रेडिओलहरींचे पुष्कळ शोषण होते. त्यातही वायफायच्या दोन प्रकारच्या लहरींपैकी पाच गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर दमतात. ओटीवर वेगवान चालणारा फोन माजघर ओलांडताच धडपडू लागतो, तो यामुळे. शिवाय संभाषण दुहेरी असते. राउटर कितीही जोरात बोलला तरी फोनचा क्षीण आवाज त्याच भिंतींतून परत त्याच्यापर्यंत पोहोचावा लागतो. फोनवर रेघा दिसतात पण पान उघडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि म्हणूनच महागडा राउटर इथे निरुपयोगी ठरतो.

रिपीटरही मला पटत नाही. साध्या रिपीटरमध्ये एकाच रेडिओने ऐकायचे आणि तेच पुन्हा बोलायचे असते, त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. लोक तो नेमका जिथे रेंज नाही तिथेच लावतात. मग जे मुळात पोहोचलेलेच नाही ते तो पुढे पाठवणार तरी कसे? बिनतारी मेशची, म्हणजे आपसांत जोडून घरभर एकच जाळे करणारी, उपकरणे अधिक हुशार असतात खरी, पण त्यांनाही भेदायच्या असतात त्याच भिंती. चिरेबंदी घरात तार टाकण्याला पर्याय नाही.

ती टाकणे मात्र वाटते तेवढे अवघड नाही. आमच्या घरात आतल्या भिंती माळ्यापर्यंतच आहेत. त्यावर कौलांखालची पोकळी घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे. वायरमनने एकाही चिऱ्याला भोक न पाडता कॅट सिक्सची (नेटसाठीची आठ तारांची) केबल माळ्यावरून नेली, पण पीव्हीसीच्या पाइपातून, कारण माळ्यावर उंदरांचे राज्य असते. स्वस्त केबलीत तांब्याचा नुसता मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असते. ब्लेडने तारेचे टोक खरवडले आणि आत पांढुरकी चमक दिसली, तर ती केबल दुकानदाराला परत द्यावी. टोके बसवल्यावर राउटरच्या पानावर जोडणीचा वेग पाहावा. हजाराऐवजी शंभर दिसला, तर आठांपैकी एखादी तार नीट दाबली गेलेली नाही असे आधी समजावे. उपकरणे स्वतः माळ्यावर ठेवू नयेत. मे महिन्यात कौलांखालचा उकाडा त्यांना सोसत नाही.

माजघराच्या मागे एक आणि स्लॅबच्या बाजूला एक, असे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलीने आलेले नेट तिथून वायफायने पसरवणारी उपकरणे, बसवले. त्यांपैकी एक म्हणजे पडून असलेला जुना राउटर. त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता दिला, त्यातले डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद केले आणि केबल त्याच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या भोकात, न घालता लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या, भोकात घातली. डीएचसीपी बंद करायचे राहिले तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात, आणि मधूनच नेट जाण्याचे एक नवेच कारण आपल्या हाताने तयार होते. नाव आणि पासवर्ड तिन्हीकडे एकच ठेवला, २.४ गिगाहर्ट्झसाठी एक, सहा आणि अकरा ही एकमेकांवर न चढणारी चॅनेल वाटून दिली आणि रुंदी वीस मेगाहर्ट्झवर ठेवली.

यानंतरही ओटीवरून मागे चालत गेल्यावर फोन मीटरशेजारच्या मूळ राउटरलाच चिकटून राहत असे. कुठल्या पॉइंटला जोडायचे हे शेवटी फोनच ठरवतो, आणि पहिल्याची रेंज जेमतेम असली तरी तो सहसा सोडत नाही. यावर उपाय उलटा आहे. त्या मूळ राउटरची प्रक्षेपणशक्ती ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणली. त्याचा पसारा आखडल्यामुळे माजघराच्या उंबऱ्याशी फोन मुकाट्याने मागच्या पॉइंटकडे जाऊ लागला. कामाच्या टेबलाशी सिग्नल उणे सदुसष्ट डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा मिळाला, तर व्हिडिओ कॉलला पुरेसा असतो. वहिनींच्या टेबलाशी आता तो त्याहून चांगला आहे.

गोठ्यावरच्या कॅमेऱ्याची जोडणी अजून व्हायची आहे. तिथपर्यंत अंगणातून तांब्याची केबल नेऊ नका, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा पडतात, आणि जवळ पडलेल्या विजेचा धक्का अशा केबलीतून थेट घरातल्या उपकरणांत शिरू शकतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, म्हणून दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश परत सिग्नलात बदलणारे डबे) लावून, आत धातूची तार नसलेली फायबरच जमिनीखालून पाइपातून न्यायची, असे ठरवले आहे.