बडोद्यात बसून केलेला समुद्राचा प्रोजेक्ट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी विषय घेतला: समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकत गेलं की शैवालावर राहणाऱ्या बारीक कवचवाल्या जिवांचं काय होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीने लगेच विचारलं, "बडोद्यात कुठला गं समुद्र?" रास्त प्रश्न. खंभातचं आखात जवळ आहे, पण तिथे गाळच गाळ, आणि शैवालाला धरायला खडक लागतो. जामनगरच्या मरीन नॅशनल पार्कात परवानगीशिवाय पानही उचलता येत नाही. म्हणून रात्रीच्या गाडीने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं वेरावळ. हिवाळ्यात तिथल्या खडकांवर शैवाल चांगलं माजतं, फक्त मोठी ओहोटी साधावी लागते.

सारगॅसम या तपकिरी शैवालाचं पान नुसत्या डोळ्यांना डागाळलेलं दिसतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की ते डाग म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या वळकट्या निघतात. स्पायरॉर्बिसच्या जातकुळीतल्या किड्यांच्या नळ्या त्या, चुनखडीच्या. शेजारी ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या बारीक प्राण्यांची जाळी, आणि देठाच्या बेचक्यात फोरॅमिनिफेरा हे कवचवाले एकपेशीय जीव. हे सगळे आपली कवचं कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची, बांधतात, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की कवचाला लागणारा कार्बोनेट आधी कमी होतो.

नमुने टिकवायला सहसा फॉर्मॅलिन वापरतात, पण सरांची पहिली ताकीद होती, "फॉर्मॅलिनला हात लावू नकोस." कारण प्रयोगशाळेच्या कपाटात दिसलं. कुणीतरी फार पूर्वी फॉर्मॅलिनमध्ये घालून ठेवलेलं शैवाल शाबूत होतं, पण त्यावर एकही कवच नव्हतं. फॉर्मॅलिन जुनं होत गेलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि चुनखडी विरघळवतं. माझे नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये गेले.

प्रयोगासाठी कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं आणि मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीतून, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्लाकडे) उतरवणं स्वस्त पडतं, पण त्याने पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, घटते. खऱ्या समुद्रात तसं होत नाही, तिथे वायू मुरतो. तेव्हा बुडबुडेच सोडायचे. एका टाकीत पीएच 8.1, दुसरीत 7.7.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पीएच मीटरने. मीटर जुळवायला ठरावीक पीएचची द्रावणं, म्हणजे बफर, लागतात; नेहमीचे 4, 7, 10 चे बफर गोड्या पाण्यासाठी ठीक आहेत. खाऱ्या पाण्यात त्यांनी येणारा आकडा समुद्रासाठी वापरतात त्या मोजपट्टीपेक्षा एखाद दशांशाने वेगळा येतो. आता, औद्योगिक काळापासून आजवर समुद्राचा सरासरी पीएच घसरला आहे तोच मुळी 8.2 वरून 8.1 वर! मोजपट्टी लॉगॅरिदमची (एक अंक उतरला की आम्लता दहापट) असल्याने एवढ्याशा घसरणीत हायड्रोजन आयन सुमारे 30 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे जे शोधायचं तेवढीच मीटरची गफलत. शेवटी समुद्राच्या पाण्यासाठीचा ट्रिस बफर तयार केला तेव्हा जीव भांड्यात पडला.

पुढची अडचण शैवालाची. ते उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे पानाला लागून असलेल्या पातळ थरात पीएच चढतो आणि रात्री उतरतो. पानावरच्या किड्यांना रोज दिवसापुरती सवलत. हे मोजायला रात्रीचे आकडे हवेत, आणि प्रयोगशाळेला संध्याकाळी कुलूप. मग दिव्यांना टायमर लावून टाकीतला दिवस रात्री उगवायला लावला आणि मी दुपारी अंधारात टॉर्चवर लाल कागद गुंडाळून आकडे घेतले.

7.7 च्या टाकीत रिकाम्या नळ्यांची चकाकी आधी गेली, मग कडा कुरतडल्यासारख्या झाल्या. जिवंत किडा असलेल्या नळ्या त्या मानाने टिकल्या. जिवंत शैवालावरच्या नळ्या खडकाच्या कपच्यांवरच्यांपेक्षा थोड्या बऱ्या दिसल्या, पण मोठा दावा करावा एवढे नमुनेच माझ्याकडे नव्हते.

चर्चेच्या प्रकरणात मी इटलीतल्या इस्किया बेटाचं उदाहरण घेतलं. तिथे समुद्रतळातून आपोआप कार्बन डायऑक्साइड निघतो. 2008 साली आलेल्या अभ्यासात, 7.7 पीएचच्या जागी समुद्री गवताच्या पात्यांवरचं कॅल्शियम कार्बोनेट 8.2 च्या जागेपेक्षा 90 टक्क्यांनी कमी भरलं होतं, आणि कवचवाल्यांपैकी ब्रायोझोआ तेवढे उरले होते. त्याचा तक्ता रात्री जागून केला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी तो उघडलाही नाही. बराच वेळ त्या बफरवरच बोलत होत्या.